अर्जात मावलं नाही ते

तक्रारदार : शेवंता दादाराव ठमके, वय सत्तेचाळीस.
व्यवसाय?
माझा पेन थांबला.
"शिवनकाम लिही न," मावशी म्हणाली,
"आनखी काय करतो मी?"
अकरावीतलं माझं अक्षर गोल, म्हणून अर्ज माझ्याकडे.
दारव्ह्याच्या वकिलाची फी ऐकून ती पायरीवरूनच परतली होती :
"वकील नसला तं चालते म्हनते. आपलं तोंड हाय ना."

विषय : पिको-फॉलची मशीन, साडेचौदा हजार.
हमी एक वर्ष.
चालली अकरा दिवस.
बाराव्या दिवशी तिनं रंजूच्या साक्षगंधाची मोरपंखी साडी
दातांत धरली, ती सोडलीच नाही.
साडीचे पैसे मावशीनं भरले,
साडी ठेवून घेतली.

पुरावा काय काय?
बिल मागितलं तेव्हा शेठ हसला होता,
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर आकडा लिहून दिला,
"आपल्यात कायचं बिल, बाई."
पण हमीपत्रावर दुकानाचा शिक्का जांभळा, ठसठशीत,
आणि अर्धे पैसे मोबाईलवरून गेलेले,
बँकेच्या पुस्तकात दुकानाच्या नावासकट उमटलेले.
झेरॉक्सवाल्या भाऊनं उजेडात धरून पाहिलं. जमते, म्हणाला.
आधी नोटीस, रजिस्टर डाकेनं. पंधरा दिवस वाट.
पोचपावती आली, उत्तर नाही.
रक्कम पाच लाखांच्या आतली, म्हणून आयोगाची फी शून्य.
शपथपत्र, प्रती, पानापानावर तिची सही :
'शे' काढताना ती श्वास धरते.

नुकसान सोपं होतं. लग्नसराईत परत पाठवलेल्या साड्या
तिनं बोटांच्या पेरांवर मोजल्या : त्रेसष्ट, दर सत्तर.
मग आली ती ओळ,
'शारीरिक व मानसिक त्रासापोटी रुपये'.
तिनं बॉबिन भरायला घेतली. भरलेलीच होती.
"चौथ्यांदा गेलतो दुकानात, तवा चार लोकांसमोर म्हने,
मशीन चांगली हाय बाई, तुमालेच चालवता येत नाही.
बावीस वर्सं झाले मले चालवून.
याचे किती होतात?"
मला माहीत नव्हतं. हे गणित कुठल्याच पुस्तकात नाही.
"पाच हजार लिही,"
आणि बऱ्याच वेळानं,
"जास्त झाले का वो?"

यवतमाळ. तिसरी तारीख.
समोरचे वकील म्हणाले, मशीन धंद्यासाठी घेतली,
सबब ही बाई ग्राहकच नव्हे.
आयोगाच्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं :
"मशीन कोण चालवतं? कामाला माणसं आहेत?"
मावशीनं दोन्ही हात पुढे धरले.
"हे दोघं हायत जी. यायच्याच भरोशावर पोट."
पिशवीतून मोरपंखी साडी निघाली, टेबलावर पसरली.
काठाशी भोकं, वीतभर लांब रांग.
"पहा जी, एका रेघेत हायत.
माहा हात हालला असता
तं वाकडी नसती गेली?"
वकिलांनी कागद खालीवर केले.

निकाल अकरा पानांचा.
पैसे किती, कधीपर्यंत, हे तिनं नंतर विचारलं.
आधी सातव्या पानावरचं एक वाक्य
माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं :
'तक्रारदारास शिवणयंत्र चालविण्याचा प्रदीर्घ अनुभव असल्याचे दिसून येते.'
"दिसून येते," मावशी म्हणाली. "बाप्पा."

पैसे अजून आले नाहीत. पंचेचाळीस दिवसांचे साठ झाले.
वसुलीचा अर्ज वेगळा असतो, तो मी लिहिते आहे.
ती जुन्या पायमशीनवर.
काल पोंगडेकाकूंनी फॉलचे सत्तर रुपये ठेवले आणि निघाल्या.
"थांबा न, काकू."
दोऱ्यांच्या डब्यातून निघालं कोरं पावतीपुस्तक,
तिनं कार्बन नीट सरकवला,
तारीख टाकली, रक्कम टाकली,
आणि श्वास धरून
शे.